आवाजाची मशागत

मुलांनो, शाळेच्या स्नेहसंमेलनात निवेदन कोणी करावे, असा प्रश्न निघाला म्हणजे वर्गात काय घडते ते आठवा. साऱ्यांच्या माना एकाच मुलीकडे किंवा एकाच मुलाकडे वळतात. "तिचा आवाज गोड आहे, तीच बोलेल," असे सर्वजण म्हणतात आणि प्रश्न मिटतो. त्याच वेळी मागच्या बाकावरचा एखादा मुलगा मान खाली घालतो. त्यालाही बोलावेसे वाटत असते. पण त्याचा आवाज घोगरा असतो, किंवा एखादे अक्षर आले की त्याचे ओठ जागच्या जागी थिजतात. आपल्याला आवाजाची देणगीच मिळाली नाही, अशी त्याची समजूत झालेली असते. ही समजूत कितपत खरी आहे? आवाज ही जन्मतः मिळणारी देणगी आहे, की कष्टाने कमावण्याची वस्तू आहे?

यवतमाळ जिल्ह्यातील मुलांना या प्रश्नाचे अर्धे उत्तर शेतातच सापडेल. हा जिल्हा कापसाचा. येथील काळी जमीन ओल धरून ठेवते. म्हणून तिच्यात पऱ्हाटी चांगली वाढते. ही जमीन कोणा शेतकऱ्याने घडविलेली नाही. ते निसर्गाचे देणे आहे. परंतु जमीन काळी आहे एवढ्यानेच कोणाच्या घरात कापूस येऊन पडत नाही. उन्हाळ्यात वखरणी करावी लागते. पाऊस पडला की पेरणी, मग डवरणी, मग निंदण आणि शेवटी बोंडे फुटली म्हणजे ती एक एक करून वेचणे, असा कामाचा क्रम असतो. कसदार जमीन पडीक ठेवली, तर तिच्यावर तणच माजते, आणि तेही मोठे कसदार! उलट, हलक्या जमिनीचा धनीही आपल्या जमिनीला मानवेल ते पेरून आणि नेटाने राबून पीक घरी आणतो. आवाजाचेही पुष्कळसे असेच आहे.

प्रथम निसर्गाचे देणे कोणते, ते पाहू. आपल्या गळ्यात स्वरयंत्र असते. त्यात दोन लवचीक स्वरतंतू असतात. फुप्फुसांतून वर येणाऱ्या हवेने ते थरथरतात आणि ध्वनी उत्पन्न होतो. प्रौढ पुरुष बोलतो, तेव्हा हे तंतू एका सेकंदात सामान्यतः १०० ते १२० वेळा कंप पावतात. प्रौढ स्त्री बोलते, तेव्हा सुमारे २०० वेळा. तंतू लांब आणि जाड असले, म्हणजे आवाज खालचा व भरदार होतो. तंबोऱ्याच्या तारेला भोपळ्यामुळे जसा घुमारा येतो, तसा या ध्वनीला घसा, तोंड आणि नाक यांच्या पोकळ्यांमुळे घुमारा येतो. तुमच्या वयाच्या सुमारास, विशेषतः मुलग्यांचे, स्वरयंत्र झपाट्याने वाढते. त्यामुळे आवाज फुटतो. एकाच वाक्यात तो कधी वर, तर कधी खाली जातो. ही अवस्था काही काळाने संपते. तेव्हा आज आपला आवाज बेसूर वाटला, तरी त्यावरून पुढचा निवाडा करू नये.

आता कष्टाचा भाग पाहू. श्वास कोठे घ्यावा, शब्द स्पष्ट कसा उच्चारावा, कोठे थांबावे, कोणत्या शब्दावर भार द्यावा, दुःखाचे वाक्य कसे बोलावे आणि रागाचे कसे, यांतील काहीही जन्मतः येत नाही. हे सारे शिकावे लागते. ज्यांचा चेहरा लोकांना दिसत नाही, केवळ आवाज ऐकू येतो, त्यांना तर ते अधिकच शिकावे लागते. आकाशवाणीवरील श्रुतिकेत शेतकरी, राजा, चोर, म्हातारी ही सारी पात्रे आवाजानेच उभी करावयाची असतात. चित्रपटात पार्श्वगायिका गाते आणि पडद्यावर ओठ हलतात ते दुसऱ्याच स्त्रीचे. एका भाषेतील चित्रपट दुसऱ्या भाषेत आणतात, तेव्हा नटाचे संवाद त्या दुसऱ्या भाषेत दुसराच कलावंत बोलतो. अशा आवाजाच्या कलावंतांपैकी दोघांची हकिगत आता ऐका. दोघेही मराठी घरात जन्मलेले. पण एकीला देणगी विपुल मिळाली होती आणि दुसऱ्याच्या वाटेत मोठाच धोंडा होता.

पहिली हकिगत लता मंगेशकर यांची. त्यांचा जन्म १९२९ साली इंदूर येथे झाला. वडील मास्टर दीनानाथ हे मराठी रंगभूमीवरील नामवंत गायक नट. तेव्हा गळा आणि सूर हे लताबाईंना घरातच लाभले होते. १९४२ साली दीनानाथ निवर्तले, तेव्हा लताबाई अवघ्या बारा वर्षांच्या, म्हणजे तुमच्याच वयाच्या होत्या. आणि चारही भावंडे त्यांच्याहून लहान होती. घर चालविण्यासाठी त्या चित्रपटांत लहानसहान भूमिका करू लागल्या. देणगी असली की दारे आपोआप उघडतात, असे आपल्याला वाटते. पण तसे झाले नाही. एका नामांकित निर्मात्याने, हा आवाज फार बारीक आहे, असे म्हणून त्यांना नाकारले. मराठी मुलीच्या उर्दू उच्चारांना वरणभाताचा वास येतो, अशा अर्थाचे उद्गार सुप्रसिद्ध नट दिलीपकुमार यांनी काढले. कोणाही मुलीला ते बोल लागले असते, लताबाईंनाही लागले. परंतु त्या रुसून बसल्या नाहीत. त्यांनी एका मौलवींकडे उर्दूचे धडे घेतले आणि अक्षरन् अक्षर घासून घेतले. त्याच सुमारास शास्त्रीय गायनाची तालीमही चालू होती.

१९४९ साली 'महल' हा चित्रपट आला. त्यातील एका गीताचे सूर दुरून हळूहळू जवळ येत आहेत, असा भास व्हावयास हवा होता. आजच्यासारखी यंत्रे तेव्हा नव्हती. म्हणून लताबाई ध्वनिग्राहकापासून दूर उभ्या राहिल्या आणि गात गात एक एक पाऊल पुढे आल्या. ते गीत देशभर गाजले; परंतु त्याच्या ध्वनिमुद्रिकेवर प्रथम गायिकेचे नावच नव्हते. चित्रपटातील पात्राचे 'कामिनी' हे नाव तेथे छापले होते. आवाज साऱ्या देशाला ठाऊक आणि नाव कोणालाच ठाऊक नाही, असा तो प्रकार होता. पुढे २००१ साली त्याच लताबाईंना 'भारतरत्न' हा सर्वोच्च सन्मान मिळाला. २०२२ साली त्यांचे निधन झाले. जमीन कसदार होतीच. पण तिची मशागत मात्र एक दिवसही थांबली नाही.

दुसरी हकिगत शरद केळकर यांची. शिंदे सरकारच्या काळापासून ग्वाल्हेर येथे पुष्कळ मराठी कुटुंबे राहत आली आहेत. त्याच ग्वाल्हेरला १९७६ साली एका मराठी घरात केळकरांचा जन्म झाला. आवाज भरदार, पण तो आवाज ओठांबाहेर नीट पडत नसे. लहानपणापासून मोठेपणापर्यंत आपण बोलताना अडखळत होतो, हे त्यांनी स्वतः मुलाखतींतून मोकळेपणाने सांगितले आहे. ज्याचे वाक्य पुरे होत नाही, त्याने नट व्हावे, असे कोणी तरी म्हणेल काय? अभिनयाच्या क्षेत्रात उतरल्यावरही ही अडचण त्यांच्या मागे होतीच. त्यांनी श्वास आणि शब्द यांचा मेळ घालण्याचा सराव धरला. घाई सोडली आणि श्वासाच्या आधाराने बोलण्याची सवय लावून घेतली. हे काम एका दिवसाचे नव्हते.

पुढे काय झाले, ते तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलेच आहे. 'बाहुबली' हा मूळचा तेलुगू चित्रपट. त्याचे दोन भाग २०१५ आणि २०१७ साली निघाले. हिंदी रूपात नायक प्रभास यांच्या मुखातून जो भारदस्त आवाज येतो, तो केळकरांचा आहे. २०२० साली 'तान्हाजी' या चित्रपटात त्यांनी छत्रपती शिवाजी महाराजांची भूमिका केली. २०२१ साली हनुमंताच्या कथेवरील एका चित्रमालिकेत त्यांनी रावणाला आवाज दिला. ज्या वाणीने एके काळी पदोपदी दगा दिला, तीच वाणी त्यांच्या चरितार्थाचे आणि कीर्तीचे साधन झाली.

दुसऱ्याच्या मुखात आपला आवाज घालण्याचे हे काम वाटते तितके सोपे नाही. कलावंत कानांवर ध्वनियंत्र लावून पडद्यासमोर उभा राहतो. नटाचे ओठ उघडतात त्याच क्षणी त्याला शब्द उच्चारावा लागतो आणि ओठ मिटतात तेथे थांबावे लागते. एका भाषेतील चार शब्दांचा आशय दुसऱ्या भाषेत सात शब्दांत येतो. तरी वेळ तेवढाच असतो. हातातील कागद सळसळला किंवा भुकेने पोटात गुरगुरले, तरी ध्वनिग्राहक ते टिपतो. मग तेच वाक्य पुन्हा बोलावे लागते, आणि दहाव्या वेळीही त्यात पहिल्या वेळेइतकाच जीव ओतावा लागतो. अशा ठिकाणी नुसता गोड आवाज किती वेळ टिकेल?

पण मुलांनो, येथे एक सावधगिरी हवी. प्रयत्न केला की प्रत्येकजण लता मंगेशकर होतो, असे सांगणे हे खोटे ठरेल. स्वरतंतूंची लांबी कोणत्याही सरावाने बदलत नाही. अडखळत बोलणे हा भित्रेपणाचा किंवा मंदबुद्धीचा परिणाम नव्हे. मेंदूतून वाणीला मिळणाऱ्या प्रेरणांशी त्याचा संबंध असतो आणि काही अंशी ते आनुवंशिकही असते. मोठ्या माणसांत शंभरांतील सुमारे एकाला ही अडचण असते. कित्येक मुलांची ती वयाबरोबर सुटते, कित्येकांना वाचा-उपचार जाणणाऱ्या तज्ज्ञाच्या साहाय्याने आराम पडतो आणि काहींची ती जन्मभर राहते. ती राहिली म्हणून त्या माणसाची योग्यता तिळभरही कमी होत नाही.

तसेच, प्रयत्न म्हणजे केवळ दमछाक नव्हे. घसा ताणून ओरडल्याने आवाज मोठा होत नाही. स्वरतंतू मात्र सुजतात. रोज दहा मिनिटे सावकाश, अर्थ ध्यानात घेऊन मोठ्याने वाचावे. आपले वाचन मोबाईलवर मुद्रित करून ऐकावे. आपलाच आवाज आपल्याला परका वाटेल, कारण एरवी आपण तो कवटीच्या हाडांतूनही ऐकत असतो. मुद्रित आवाज मात्र केवळ हवेतून कानी येतो. त्या परक्या आवाजातील चुका मग नेमक्या कळतात. आणि घरी 'मले', 'तुले', 'काहून' असे बोलत असाल, तर त्याची लाज वाटू देऊ नका. प्रमाण मराठी अवश्य शिकावी. पण वऱ्हाडी बोली टाकू नये. एखाद्या श्रुतिकेत यवतमाळकडचा शेतकरी बोलू लागला, तर त्याची खरी लकब तुमच्याखेरीज कोण जाणणार? एकीकडे उर्दू आत्मसात करणाऱ्या लताबाईंनी आपली मराठी काही सोडली नव्हती.

तेव्हा देणगी मोठी की साधना मोठी? शेतकरी या प्रश्नावर वाद घालीत बसत नाही. जमिनीचा कस किती, हे त्याला पेरल्यावरच नीट कळते. आपल्या अंगी किती गुण आहे, हे आपल्यालाही मशागत केल्यावाचून कळत नाही; आणि जो पेरतच नाही, त्याला ते जन्मभर कळत नाही.

आता पुन्हा त्या मागच्या बाकाकडे पाहा. तो मुलगा उभा राहिला आहे. पहिल्याच शब्दाला त्याची वाणी अडखळली आहे. त्याचा शब्द आपण पुरा करू नये. कोणी हसू नये. पेरलेले बी वर येण्यास वेळ लागतो. तेवढा वेळ त्याला देणे, ही आपल्या वाट्याची मशागत आहे.

शब्दार्थ

मशागत – पिकासाठी जमिनीवर घेतलेली मेहनत
पऱ्हाटी – कापसाचे झाड
निंदण – पिकातील तण काढणे
घुमारा – घुमणारा नाद
श्रुतिका – केवळ ऐकण्यासाठी रचलेले नाटक
निवर्तणे – मरण पावणे
चरितार्थ – उपजीविका

स्वाध्याय

१. आवाजातील निसर्गाने दिलेला भाग कोणता आणि शिकून मिळणारा भाग कोणता, ते सांगा.
२. उत्तम आवाज असूनही लताबाईंना कोणत्या अडचणी आल्या? त्यांनी त्यांवर कशी मात केली?
३. 'कसदार जमीन पडीक ठेवली, तर तिच्यावर तणच माजते.' या वाक्याचा आवाजाच्या संदर्भात अर्थ स्पष्ट करा.
४. "प्रयत्नाने सर्वांना सर्व काही साधते," हे मत लेखकास मान्य आहे काय? कारण द्या.
५. शेतीच्या कामांची या पाठात आलेली नावे क्रमाने लिहा. तुमच्या गावी त्यांना दुसरी नावे असल्यास तीही लिहा.
६. या पाठातील कोणताही एक परिच्छेद तीन दिवस रोज मोठ्याने वाचा. पहिल्या आणि तिसऱ्या दिवशीच्या वाचनात कोणता फरक पडला, ते पाच वाक्यांत लिहा.