आम्ल, धातू आणि आपले भोपाळ

आम्ल व धातू यांची क्रिया होऊन क्षार तयार होतो आणि हायड्रोजन वायू बाहेर पडतो, हे वाक्य आपण सर्वांनी पाठ केलेले असते. या लहानशा वाक्याचा आपल्या शहराच्या इतिहासाशी निकटचा संबंध आहे. तो समजून घेण्यासाठी आपण प्रथम प्रयोगशाळेत जाऊ.

परीक्षानळीत जस्ताचे तुकडे घेऊन त्यांवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल ओतले की बुडबुडे येतात, नळी गरम होते आणि जस्त हळूहळू विरघळते. लोखंडावरही हीच क्रिया होते, मात्र मंदपणे. मॅग्नेशियम, जस्त, लोखंड, कथील, हायड्रोजन, तांबे अशी ही क्रियाशीलतेची उतरती श्रेणी आहे. तांबे हायड्रोजनच्या खाली असल्यामुळे सौम्य आम्लातून तो वायू मुक्त करीत नाही. तथापि हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने आंबट पदार्थ तांब्यापितळेलाही झिजवितात. म्हणूनच बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ठेवलेले ताक कळकते. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. त्यावर स्वयंपाकातील आंबटाची क्रिया अत्यंत मंद होते.

स्टेनलेस स्टीललाही एक प्रकारची नैसर्गिक कल्हई असते. त्यातील क्रोमियमचा हवेशी संयोग होऊन ऑक्साइडचा अदृश्य थर बनतो व तो आतील लोहाचे रक्षण करतो. परंतु हायड्रोक्लोरिक आम्लापुढे हा थर टिकत नाही.

येथील युनियन कार्बाइडच्या कारखान्यात ६१० क्रमांकाची टाकी अशाच स्टीलची होती. तीत सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट हा विषारी द्रव साठविलेला होता. तो थंड ठेवणारे शीतयंत्र काही महिन्यांपूर्वीच बंद करण्यात आले होते. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री टाकीत पाणी शिरले. पुढे शास्त्रज्ञांनी टाकीतील अवशेष तपासले, तेव्हा त्यांत लोह, क्रोमियम व निकेल हे स्टीलचेच घटक सापडले. त्यावरून त्यांनी घटनांची साखळी जुळविली, ती अशी : पाण्याच्या क्रियेने द्रव तापला. त्यात क्लोरोफॉर्म वाजवीपेक्षा अधिक मिसळलेला होता. उष्णतेने त्याचे विघटन होऊन हायड्रोक्लोरिक आम्ल तयार झाले. आम्लाने स्टीलचा रक्षक थर भेदला आणि लोह द्रवात उतरले. तेथे लोहाने उत्प्रेरकाचे काम केले. द्रवाचे रेणू तिघे-तिघे परस्परांशी जोडले जाऊ लागले, आणि त्या क्रियेतून आणखी प्रचंड उष्णता निघाली. केवळ ३९ अंश सेल्सिअसला उकळणारा तो द्रव वायुरूप होऊन झोपलेल्या शहरावर पसरला. हजारो माणसे प्राणांस मुकली. कित्येकांची दृष्टी व श्वसन कायमचे अधू झाले.

त्या रात्री आम्ल आणि धातू आपल्या नियमानेच वागले. हे नियम त्यापूर्वीच पुस्तकांत लिहिलेले होते. त्यांचे भान ठेवण्यात माणसे उणी पडली. म्हणून विद्यार्थिमित्रहो, कोणतेही पात्र निवडताना त्यात आज काय ठेवावयाचे आहे, एवढेच पाहून भागत नाही. तो पदार्थ तापला, त्यात पाणी मिसळले, तर त्यातून काय निर्माण होईल, हाही प्रश्न आपण विचारला पाहिजे. परीक्षेतील गुणांपेक्षा या प्रश्नाचे मोल पुष्कळ अधिक आहे.