खेळाडू आणि त्याचा अवतार : 'सविकल्प समाधी'च्या संदर्भात

संगणकीय खेळात खेळाडू ज्या आकृतीच्या रूपाने पडद्यावर वावरतो, तिला 'अवतार' म्हणण्याची प्रथा १९८५ च्या सुमारास 'अल्टिमा ४' आणि 'हॅबिटॅट' या खेळांमुळे रूढ होऊ लागली. मूळ संस्कृत शब्दाचा अर्थ 'खाली उतरणे' असा आहे. उतरणारा स्वतःचे स्वरूप न गमावता दुसरे रूप धारण करतो. खेळाडूच्या मानसिक अनुभवाचे मर्म याच दुहेरीपणात आहे.

मराठी समीक्षेला हा दुहेरीपणा अपरिचित नाही. न. चिं. केळकर यांनी १९२१ साली बडोदे येथील साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली. वाचक पात्राशी तादात्म्य पावतो, तरी त्याचे स्वतःचे भान सुटत नाही, असा तिचा आशय आहे. खेळाडूची भाषा याच अवस्थेची साक्ष देते. अवतार दरीत कोसळताच तो 'मी मेलो' म्हणतो आणि लगेच नवा डाव मांडतो.

हे साम्य मात्र एका मर्यादेपर्यंतच टिकते. मॅकबेथच्या हातून घडलेल्या खुनाचे कर्तृत्व प्रेक्षकाकडे येत नाही. अवतार मात्र खेळाडूने कळ दाबल्यावाचून शस्त्र उचलत नाही. जेम्स पॉल जी यांनी २००३ मध्ये खेळाडूची वास्तव ओळख आणि पात्राची आभासी ओळख यांच्या जोडीला तिसरी, 'प्रक्षेपित' ओळख मानली. आपला अवतार कसा घडावा याविषयीच्या खेळाडूच्या आकांक्षा तीत सामावतात. अवताराच्या विश्वासघाताची खंत खेळाडूला वाटते, तिचा उगम येथे शोधता येतो.

याहून महत्त्वाचा प्रश्न निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांच्या २००७ मधील प्रयोगांनी उपस्थित केला. आकर्षक चेहऱ्याचा अवतार मिळालेल्या व्यक्ती समोरच्याच्या अधिक जवळ गेल्या व स्वतःविषयी अधिक बोलल्या. उंच अवतार मिळालेल्यांनी पैशांच्या वाटणीत अधिक ताठर भूमिका घेतली. समोरच्या व्यक्तीला रूपातील हा फरक दिसत नव्हता. म्हणजे बदलाचे कारण धारण करणाऱ्याच्या आत्मप्रतिमेतच होते. २००९ च्या अभ्यासात तर उंचीचा हा परिणाम लगेच नंतरच्या प्रत्यक्ष भेटीतील वाटाघाटींतही आढळला.

केळकरांच्या उपपत्तीत 'विकल्प' म्हणजे अबाधित राहिलेले स्वतःचे भान. या प्रयोगांत ते भानच धारण केलेल्या रूपाने नकळत घडवलेले दिसते. म्हणून खेळाडूच्या अनुभवाचा विचार करताना आस्वादक हा केवळ साक्षी आहे, हे गृहीत पुन्हा तपासावे लागते. तो कर्ता आहे, आणि स्वतःच्या कृतीने घडतही आहे.