मुक्या सोबत्याच्या दुःखात काय बोलावं?

आजचे वाचन : महाभारत, महाप्रस्थानिक पर्व



पोळा आठ दिवसांवर आलाय. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात बाजारात झुली, बेगड, घुंगरमाळा दिसायला लागल्यात. नेमक्या याच दिवसांत दारव्हा तालुक्यातल्या ओळखीच्या एका काकांचा बैल गेला. कितीतरी हंगाम त्यानं वखरणी, पेरणी, डवरणी केली. शेतातच धुऱ्याजवळ मीठ टाकून त्याला पुरलं. भेटायला येणारे म्हणतात, "जाऊ द्या काका, जनावरच होतं. दुसरा घ्या." म्हणणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, पण काका आणखीच गप्प होतात. घरातला कुत्रा किंवा मांजर गेल्यावरही असंच होतं. मग बोलावं तरी काय?

आजचा भाग पाहा. पांडव शेवटच्या प्रवासाला निघाले, तेव्हा एक कुत्राही सोबत चालत होता. वाटेत आधी द्रौपदी पडली, मग सहदेव, नकुल, अर्जुन आणि भीम. युधिष्ठिर आणि तो कुत्रा एवढेच उरले. इंद्र रथ घेऊन आला, पण कुत्र्याला स्वर्गात जागा नाही म्हणाला. युधिष्ठिरानं स्वर्गच नाकारला. "भावांना सोडलंस, मग याला का नाही?" असं इंद्रानं विचारलं. युधिष्ठिराच्या उत्तराचा आशय असा : मेलेल्यांना उठवणं माझ्या हातात नव्हतं, पण ते जिवंत असताना मी त्यांना सोडलं नाही. हा तर जिवंत आहे आणि माझ्या आसऱ्याला आलाय. शेवटी तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्मच निघाला.

मला सांत्वनाचा शब्द इथं सापडतो. जनावर गेलं की माणसाला एकच विचार खातो : डॉक्टरला आधी बोलावलं असतं तर? युधिष्ठिराचं उत्तर सांगतं, मरण आपल्या हातात नाही, साथ देणं आपल्या हातात होतं. म्हणून त्या घरी जाऊन एवढंच म्हणावं, "तो होता तोवर तुम्ही त्याला सोडलं नाही."

आत्मा अमर आहे, हे खरंच. पण ते सांगून रडणाऱ्याला गप्प करू नये. जुन्नर तालुक्यातल्या आळे गावी रेड्याची समाधी आहे. पैठणला ज्याच्या मुखातून वेद वदवले, त्या रेड्याला ज्ञानेश्वर माउलींनी तिथं समाधी दिली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. ज्यांनी शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली, त्यांना आत्म्याचं अमरपण काय कमी ठाऊक होतं? तरी मुक्या जिवाचा निरोप त्यांनी मानानं केला, असंच ही श्रद्धा सांगते.

तेव्हा वाचकहो, कुणाकडे असं दुःख असेल तर जा. गेलेल्या जनावराचं नाव घेऊन बोला. त्याची एखादी आठवण विचारा आणि शांतपणे ऐका. दुसरं जनावर आणायचा विषय तुम्ही काढू नका. काकांच्या गोठ्यात जोडीतला दुसरा बैल आहे. खांदेमळणीला त्याच्या खांद्याला तूप-हळद लावायला आपण दोघंतिघं गेलो, तरी त्या घराला पुष्कळ आधार होईल.

प्रार्थना : पांडुरंगा, मुक्या जिवानं दिलेली साथ आम्ही विसरू नये. दुःखी माणसाजवळ बसायला आम्हाला वेळ दे, आणि कमी बोलायची बुद्धी दे.

जय हरी!