घर बदलतंय, राज्यही बदलतंय

प्रश्न : मी पुण्यात घरून परदेशी ग्राहकांसाठी सॉफ्टवेअर बनवते. पुढच्या महिन्यात बिऱ्हाड पणजीला हलवायचंय. त्याच आठवड्यात बंगळूरला बैठक आहे आणि ॲपची नवी आवृत्तीही द्यायचीय. कसं जमवू?

उत्तर : तिन्ही एका आठवड्यात नकोच. आवृत्तीची तारीख आजच पुढे मागून घ्या. पणजीच्या घरी इंटरनेट सुरू झाल्याशिवाय टेम्पो बोलावू नका. लॅपटॉप आणि चार्जर स्वतःच्या पाठीवरच. (माझा चार्जर एकदा ‘मसाल्याचे डबे’ लिहिलेल्या खोक्यात सापडला, तोही चौथ्या दिवशी.)

खरी गोम मात्र पत्त्यात आहे. तुमची जीएसटी नोंदणी असेल, तर ती राज्यापुरती असते. क्रमांकाचे पहिले दोन आकडे महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०. पुण्यातच घर बदललं असतं तर १५ दिवसांत दुरुस्तीचा अर्ज पुरला असता. आता गोव्यात नवी नोंदणी घ्या, त्यासाठी भाडेकरार हाताशी ठेवा. परदेशी बिलांवर कर न भरता सेवा पाठवण्यासाठी लागणारं हमीपत्र, म्हणजे एलयूटी, नव्या क्रमांकावर पुन्हा भरावं लागेल. ते झाल्यावरच नवी बिलं काढा. नवा क्रमांक हाती येईपर्यंत जुना रद्द करू नका, आणि तोवर त्याची विवरणपत्रं भरत राहा, उलाढाल शून्य असली तरी. रद्द झाल्यावर तीन महिन्यांत जीएसटीआर-१० हे अंतिम विवरणपत्र द्यायचं असतं; घर लावण्याच्या गडबडीत नेमकं तेच राहतं.

बंगळूरची बैठक? व्हिडिओवर होते का, विचारून बघा.