संत्र्याच्या बागेत पवनचक्की चालेल का?

प्रश्न : सौंसरजवळच्या आमच्या संत्र्याच्या बागेत रात्री जागलीला असतो. खोपडीत वीज नाही. 1 मीटर व्यासाची छोटी पवनचक्की बसवू का?

उत्तर : नको. आंबिया बहाराची जागल ऑक्टोबर ते डिसेंबरची, आणि नेमका तेव्हाच आपल्याकडे वारा पडतो. वाऱ्याचा वेग निम्मा झाला की वीज एक अष्टमांश उरते. सेकंदाला 4 मीटरच्या वाऱ्यात ही पाती जेमतेम 7-8 वॉट देतील, शिवाय झाडांमुळे वारा अडतो तो वेगळाच. त्यापेक्षा 100 वॉटचे सौर पॅनेल घ्या. स्वच्छ दिवशी साधारण 400 वॉट-तास वीज मिळते. सोबत पुरेशी बॅटरी असेल तर दोन एलईडी दिवे आणि मोबाइल रात्रभर निभतात. पावसाळ्यातही राखण करत असाल तरच पवनचक्की जोडीला लावा, तीही झाडांच्या शेंड्यांहून बरीच उंच.