एका दिवसात जाऊन यावं का? पुणेकर भटक्यांसाठी थोडा हिशेब

रविवारचा बेत ठरताना सगळ्यात आधी अंतर विचारलं जातं. ‘सव्वाशे किलोमीटर? मग काय, जाऊन येऊ!’ इथेच गणित चुकतं. साताऱ्याच्या महामार्गावर पहाटे ताशी 60 किलोमीटरची सरासरी सहज पडते. घाटात किंवा गावागावांतून जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर ती 25-30वर येते. त्यामुळे किलोमीटर सोडा, तास मोजा. जाऊन-येऊन गाडीत किती तास जाणार आणि तिथे पोचल्यावर पायांवर किती तास मिळणार, एवढंच कागदावर मांडा. गाडीतले तास जास्त भरले, तर ती सहल एका दिवसाची नाही.

हिशेबात बसणारा : राजगड

स्वारगेटहून नसरापूर फाट्यावरून आत वळून मार्गासनी, साखर करत गुंजवणे गाठायचं. अंतर साठेक किलोमीटर. पहाटे साडेपाचला निघालात तर साडेसातच्या आत पायथ्याला. चढायला दोन-अडीच तास. शेवटचा टप्पा खड्या कातळाचा आहे. रेलिंगला धरून, वाकून चोरदरवाज्यातून आत शिरलं की थेट पद्मावती तळ्यापाशी निघतो. पुढे सुवेळा आणि संजीवनी माची, बालेकिल्ला सगळं निवांत बघायचं तर दिवस पुरत नाही, पण बालेकिल्ला आणि एक माची नक्की होते. तीनपर्यंत खाली आलात तर दिवेलागणीला घरी. गाडीत चार तास, पायांवर सात-साडेसात. डोळे झाकून जा.

न बसणारा : हरिश्चंद्रगड

पाचनईची वाट सोपी, म्हणून पुण्यातले बरेच जण तिकडून जातात. पण आळेफाटा, ब्राह्मणवाडा, कोतूळ करत पाचनई दीडशे किलोमीटरहून लांब पडतं. एका बाजूला साडेचार-पाच तास धरा. खिरेश्वर गाडीने त्याहून बरंच जवळ, म्हणून मोह होतो. पण टोलारखिंडीची चढण पाचनईच्या मानाने चांगलीच लांब. रस्त्यावर वाचवलेला वेळ डोंगर वसूल करतो. शिवाय कोकणकड्यावर बसायची खरी वेळ संध्याकाळची, आणि एका दिवसात परतणारा नेमका दुपारी पाठ फिरवतो. तेव्हा शनिवारी जा, पाचनईत एखाद्या घरी जेवणाची आणि मुक्कामाची सोय करा. तेवढी सवड नसेल तर बेत पुढे ढकला.

परतीचे तास वेगळे धरा

जाताना लागतो तेवढाच वेळ येताना लागेल, असं धरू नका. रविवारी संध्याकाळी साताऱ्याकडून येताना खेड शिवापूरचा टोलनाका आणि पुढे नवले पूल, नाशिककडून येताना चाकण, मुंबईकडून येताना लोणावळ्याचा घाट, या ठिकाणी तासभर सहज जातो. उपाय दोनच : चारच्या आधी परतीला लागा, नाहीतर वाटेतच जेवून नऊनंतर निघा. मधल्या वेळात निघालं की पायांत गोळे आलेले असताना क्लच दाबत बसावं लागतं.

ऋतूचाही हिशेब धरा. डिसेंबरात सहाच्या सुमारास अंधारतं, जूनच्या सुरुवातीला सातनंतर. हिवाळ्यात उशिरा निघालात तर कापलेला तास उतरणीतला असतो, आणि तोच नेमका धोक्याचा.

गाडीच नको : लोहगड

पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरा. भाजे गावातून चालत, वाटेत भाजे लेणी बघून लोहगडाच्या पायऱ्यांना लागा. पाय चांगले असतील तर विसापूरही त्याच दिवशी होतो. पार्किंगची कटकट नाही आणि परतताना झोप काढता येते. दुपारी लोकल विरळ असतात, म्हणून वेळापत्रक आधी बघून ठेवा. 2025मध्ये लोहगड आणि राजगड दोन्ही युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी गर्दी धरूनच चला.

जवळचं असूनही टाळावं असं

सिंहगड शहराला लागून, तरी पावसाळ्यातल्या रविवारी दहानंतर गाडीने जाऊ नये. वरचा वाहनतळ भरला की खाली गाड्या अडवतात आणि पिठलं-भाकरीची भूक घाटातच मरते. पहाटे आतकरवाडीतून पायी चढा, बाकीचे गाडीत अडकलेले असतील तोवर खाली या.

याउलट, कास पठार लांब आहे. साताऱ्यापर्यंत 110 किलोमीटर आणि पुढे पंचवीसेक. तरी फुलांच्या हंगामात, म्हणजे साधारण सप्टेंबरात, एक दिवस द्यावा. अट एवढीच की आधी बुकिंग करा आणि मधला वार निवडा.

ताम्हिणी घाटाला मात्र गाडीतल्या तासांचा आमचा नियम लागू नाही. तिथे रस्ता हीच सहल. मुळशीचं पाणी, ढग, कड्यावरून कोसळणारे ओहोळ, सगळं गाडीतूनच बघायचं असतं. पण तेही शनिवार-रविवार सोडून.

खर्च आणि चालवणारा

जाऊन-येऊन 300 किलोमीटरला, लिटरमागे 15 किलोमीटर धावणाऱ्या गाडीत 20 लिटर पेट्रोल जातं. टोल सोडून दोन हजारांच्या वर. चौघं असाल तर ठीक. दोघंच असाल तर त्याच पैशांत जवळच्या दोन सहली होतात.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न, गाडी कोण चालवणार? पहाटे चारला उठून, दिवसभर डोंगर चढून-उतरून आलेल्या माणसाने अंधारात घाट चालवणं हे धाडस नव्हे, आगाऊपणा आहे. एका बाजूला तीन तासांहून जास्त रस्ता असेल तर चालवणारे दोघं हवेत. एकच असेल तर त्याने मधल्या टप्प्यावरूनच परतावं किंवा गाडी ठरवून घ्यावी.

तेव्हा पुढचा बेत करताना आधी घरी परतायची वेळ ठरवा आणि तिथून उलटं मोजत या : परतीचा रस्ता, उतरण, गडावरचा वेळ, चढण, जायचा रस्ता. निघायची वेळ पहाटे चारच्याही आधीची निघाली, तर एक मुक्काम वाढवा किंवा जवळचा गड निवडा.