स्टिकर वाचून रेकॉर्ड विकू नका

2013 च्या दिवाळीत मी माझ्याकडची माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' ही रेकॉर्ड विकली. खरं तर देऊनच टाकली, कारण पुण्याच्या जुन्या बाजारातल्या विक्रेत्याने जेमतेम चारशे रुपये हातावर टेकवले आणि तेवढ्यावर मी खूश होऊन घरी आलो. घरात नवी कोरी प्रत आली होती. 180 ग्रॅमची जाडजूड तबकडी, गुळगुळीत कव्हर आणि त्यावर सोनेरी गोल स्टिकर : 'डिजिटली रीमास्टर्ड'. जुन्या प्रतीच्या दुसऱ्या बाजूला एक ओरखडा होता आणि तिथे सुई पोचली की दर फेरीला टक् असं वाजायचं. एकाच संगीताच्या दोन प्रती कशाला सांभाळायच्या, असा विचार केला आणि व्यवहार उरकला.

ती जुनी प्रत माझ्या मामाने आणलेली. तो मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होता. 1976 साली जहाज न्यू यॉर्कला लागलेलं असताना त्याने ती घेतली, लाल लेबलची, आणि सुट्टीवर आला तेव्हा माझ्या हातात ठेवली. जॅझ म्हणजे काय हे मला त्याच तबकडीने शिकवलं.

नवी प्रत लावली त्या रात्री मला काहीच खटकलं नाही. उलट आवाज भरदार वाटला. खटकायला लागलं ते पंधरा दिवसांनी, आणि तेसुद्धा एकाच जागी. त्यातल्या 'सो व्हॉट' या रचनेची सुरुवात आठवा. पॉल चेंबर्सचा बास आणि बिल इव्हान्सचा पियानो दबक्या आवाजात काहीतरी बोलत असतात, अजून ताल धरलेला नसतो. मग बास प्रश्न विचारतो, बाकीचे दोन सुरांत उत्तर देतात. असं होत होत माइल्स डेव्हिसचा ट्रम्पेट एकट्याने पुढे येतो आणि नेमक्या त्या क्षणी जिमी कॉब झांजेवर काठी मारतो. जुन्या प्रतीवर ती झांज फुटायची, हवेत राहायची, आणि ती विरत असताना तिच्या आतून माइल्सची पहिली वाक्यं ऐकू यायची. नव्या प्रतीवर पत्र्यावर चमचा आपटावा तसा आवाज आला आणि संपला. मग लक्षात आलं की ती दबकी सुरुवातही आता दबकी राहिलेली नाही. ती पुढच्या भागाइतकीच मोठ्याने वाजत होती. कुजबुज आणि हाक यांच्यातलं अंतर कुणीतरी बुजवून टाकलं होतं.

आधी मी दोष माझ्याच यंत्राला दिला. सुई बदलली, टोनआर्मचं वजन पुन्हा लावलं, त्यात पैसे घातले. मग एके दिवशी कव्हराच्या मागची बारीक अक्षरं वाचली. मूळ टेप कुठली, ती कुणी हाताळली, तबकडी कुणी कापली, यातलं एक अक्षर तिथे नव्हतं. कंपनी युरोपातली होती आणि मूळ प्रकाशकाशी तिचा काही संबंध नव्हता.

हे कसं चालतं, ते मला तोवर ठाऊक नव्हतं. युरोपात ध्वनिमुद्रणाचा हक्क पूर्वी पन्नास वर्षांचा होता. पुढे तो सत्तर वर्षांचा झाला, पण 1962 पर्यंत प्रकाशित झालेल्या रेकॉर्ड तेव्हा हक्काबाहेर गेल्या त्या गेल्याच. जॅझचा सगळा सुवर्णकाळ त्यात येतो. त्यामुळे तिथे कुणीही 'काइंड ऑफ ब्लू' छापू शकतो. आपल्याकडे ही मुदत साठ वर्षांची, म्हणजे 1959 ची ही रेकॉर्ड 2020 पासून भारतातही मोकळी आहे. पण कायदा छापायचा हक्क देतो, टेप देत नाही. टेप मूळ कंपनीच्या कपाटातच राहते. मग अशा छापणाऱ्यांपैकी अनेक जण बाजारातली सीडी घेतात, आवाज चढवतात आणि त्यावरून तबकडी काढतात. वर स्टिकर लावायला कायद्याची आडकाठी नसते, कारण 'रीमास्टर्ड' या शब्दाला ठरलेली व्याख्याच नाही.

या शब्दाचा साधा अर्थ सांगतो. स्टुडिओत वाजलेलं संगीत टेपवर उतरतं. त्या टेपवरून विक्रीची तबकडी किंवा सीडी काढताना खर्ज किती ठेवायचा, वरचे सूर किती उजळायचे, एकूण आवाज किती मोठा ठेवायचा हे एक माणूस बसून ठरवतो. हेच मास्टरिंग, आणि ते पुन्हा केलं की रीमास्टरिंग. तो माणूस व्हॅन गेल्डरसारख्या नामांकित ध्वनिमुद्रकाच्या तोलाचा असू शकतो, किंवा दिवसाला आठ रेकॉर्ड हातावेगळ्या करणाराही असू शकतो. नव्वदच्या दशकापासून सीडी एकमेकींपेक्षा मोठ्याने वाजवायची चढाओढ लागली. सीडीवर आवाजाला वरची मर्यादा असते, ती ओलांडता येत नाही. म्हणून मग खालचे, हळू आवाज वर ओढले जातात. माझ्या झांजेचं नेमकं हेच झालं होतं.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, जुनं तेच खरं. मीही तसंच म्हणालो आणि दुसरी चूक केली. ती पहिलीपेक्षा महाग पडली.

पुढची तीन वर्षं मी नव्या आवृत्तीला हात लावला नाही. रीमास्टर्ड हा शब्द दिसला की पाठ फिरवायचो. अशातच परदेशातल्या एका विक्रेत्याकडून जॉन कोल्ट्रेनची 'ब्लू ट्रेन' मागवली. 'मूळ प्रेसिंग, उत्तम अवस्था' असं त्याने लिहिलं होतं. टपाल आणि कस्टम धरून चौदा हजार मोजले. तबकडी दिसायला चकचकीत होती. सुई टेकवली आणि पहिल्या सोलोतच सॅक्सोफोन खरखरायला लागला. जड टोनआर्मच्या जुन्या रेकॉर्ड प्लेअरवर ती शेकडो वेळा वाजलेली होती. झिजलेली खाच वरून दिसत नाही, ती वाजवल्यावरच कळते.

शिवाय ती मूळ प्रेसिंग, म्हणजे त्या काळी छापलेली प्रतही नव्हती. 'ब्लू ट्रेन' काढणाऱ्या 'ब्लू नोट' कंपनीच्या जुन्या तबकड्या प्लास्टिलाइट नावाच्या कारखान्यात निघत. तिथला ठसा लेबलजवळच्या कोऱ्या पट्ट्यात असतो. इंग्रजी पी अक्षर असं वळवलेलं की संग्राहक त्याला 'कान' म्हणतात. साठच्या दशकाच्या मध्यात 'ब्लू नोट' लिबर्टी कंपनीने विकत घेतली आणि त्यानंतरच्या प्रेसिंगवरून तो कान गेला. माझ्या प्रतीवर कान नव्हता. विक्रेत्याला एक फोटो मागितला असता तर चौदा हजार वाचले असते.

2022 साली दादरच्या एका मित्राने त्याच 'ब्लू ट्रेन'ची नवी आवृत्ती ऐकवली. 'ब्लू नोट'च्याच टोन पोएट मालिकेतली, केव्हिन ग्रेने मूळ मोनो टेपवरून कापलेली. 15 सप्टेंबर 1957 ला न्यू जर्सीतल्या हॅकनसॅक गावी, रूडी व्हॅन गेल्डरच्या आईवडिलांच्या घरातल्या दिवाणखान्यात हे संगीत मुद्रित झालं. त्या खोलीत ली मॉर्गनचा ट्रम्पेट कुठे उभा आहे आणि कर्टिस फुलरचा ट्रॉम्बोन त्याच्या किती मागे, हे मला त्या नव्या तबकडीवर पहिल्यांदा कळलं. मी ऐकून गप्प बसलो. माझी चौदा हजारांची प्रत तिच्या जवळपासही नव्हती.

त्याच मित्राच्या घरी एक गोष्ट मी स्वतः तपासून पाहिली. त्याच्याकडे 'काइंड ऑफ ब्लू'ची साठच्या दशकातली एलपी आहे. माझी पत्नी गाते. ती पेटी घेऊन बसली. 'सो व्हॉट'चा षड्ज पांढरी दोन. पण एलपीवरचा सूर पांढरी दोनच्या वर चढलेला, काळी दोनपर्यंत न पोचलेला. टर्नटेबल जोरात फिरत असेल म्हणून तबकडी उलटली. दुसऱ्या बाजूचं 'ऑल ब्लूज' पांढरी पाचला बिनचूक बसलं. म्हणजे यंत्र ठीक होतं, चूक तबकडीत होती.

याचं कारण आता जगजाहीर आहे. 2 मार्च 1959 च्या सत्रात मूळ प्रकाशक कोलंबियाच्या न्यू यॉर्कमधल्या स्टुडिओत मुख्य टेपयंत्र थोडं संथ चाललं होतं. संथ भरलेली टेप नेहमीच्या गतीने वाजवली की सूर चढतो. पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना त्या दिवशीच्या आहेत. 22 एप्रिलच्या सत्रात असं झालं नाही, म्हणून दुसरी बाजू शुद्ध आहे. सुदैवाने राखीव म्हणून दुसरं यंत्रही चालू होतं आणि त्याची गती बरोबर होती. 1992 साली ही गोष्ट ध्यानात आली आणि त्या राखीव टेपवरून चूक सुधारली. 1997 मध्ये तीन ट्रॅकच्या टेपवरून पुन्हा मिश्रणही केलं गेलं. तेहेतीस वर्षं जगभरच्या वादकांनी या रेकॉर्डसोबत वाजवून सराव केला, तो चढ्या सुरातच. इथे रीमास्टरिंगने खरं काम केलं. आपल्याकडे 78 च्या रेकॉर्ड जमवणाऱ्यांना हे सांगावं लागणार नाही. त्यातल्या सगळ्याच काही नेमक्या 78 फेऱ्यांना भरलेल्या नाहीत, आणि गती चुकली की थोर गवयाची पट्टीच बदलून जाते.

मूळ तबकडी म्हणजे मूळ टेप, हाही समज सोडा. त्या काळच्या साध्या प्लेअरवर सुई उडू नये म्हणून तबकडी कापताना खर्ज आवरता घेत. म्हणजे टेपवर जे होतं ते सगळं पहिल्या प्रेसिंगवरही नव्हतं.

तरी संशय घेणाऱ्यांना मी वेडे म्हणणार नाही. मोबाइल फिडेलिटी या अमेरिकी कंपनीच्या महागड्या तबकड्या मूळ टेपवरून निव्वळ अॅनालॉग पद्धतीने निघतात, असं ग्राहक धरून चालले होते. 2022 साली उघड झालं की 2011 पासून अनेक तबकड्यांच्या वाटेत डिजिटल टप्पा होता. प्रकरण न्यायालयात गेलं, तडजोड झाली. कसलेल्या कानांच्या लोकांनी त्याच तबकड्या वर्षानुवर्षं वाखाणल्या होत्या, त्यामुळे माझ्या मते गैर डिजिटलमध्ये नव्हतं, लपवण्यात होतं. पैसे देणाऱ्याला वाट कळलीच पाहिजे.

तेव्हा नवी आवृत्ती घ्यायला निघाल्यावर सगळ्यात आधी टेप विचारा. कोल्ट्रेनच्या 'अ लव्ह सुप्रीम'चंच पाहा. 1964 च्या डिसेंबरात मुद्रित झालेली ही रेकॉर्ड अमेरिकेत पुढे बराच काळ नकलांवरून निघत राहिली. 2002 च्या आवृत्तीला वेगळा उजाळा आला तो इंग्लंडमध्ये सापडलेल्या, फार आधीच्या टेपमुळे. कपाटातली टेप बदलली की सगळं बदलतं. त्यानंतर माणूस विचारा. कापणाऱ्याचं नाव कव्हरवर किंवा लेबलजवळच्या कोऱ्या पट्ट्यात सापडतं. जुन्या 'ब्लू नोट'वर आरव्हीजी किंवा व्हॅन गेल्डर, केव्हिन ग्रेच्या कामावर केपीजी. दोन्हीकडे मौन असेल तर पैसे खिशात ठेवा. 180 ग्रॅम हे प्लास्टिकचं वजन आहे, त्यावरून आवाजाचं काही कळत नाही. 1957 च्या आधीच्या 'ब्लू नोट' रेकॉर्डवर स्टीरिओ असं छापलेलं दिसलं तर तो स्टीरिओ नंतर कृत्रिमरीत्या बनवलेला आहे, हेही ध्यानात असू द्या.

दोन प्रती ताडून पाहताना आवाजाची पातळी आधी सारखी करा. हे मी कळकळीने सांगतो, कारण मी फसलो तो इथेच. जी प्रत जरा मोठ्याने वाजते ती पहिल्या ऐकण्यात कानाला चांगलीच वाटते. नव्या प्रतीचा आवाज खाली आणून जुनीच्या बरोबरीला आणा, घरातल्या कुणाला तरी तबकड्या बदलायला सांगा आणि आता कोणती वाजते आहे ते विचारू नका. शांत जागा ऐका, झांज विरताना ऐका. एका रात्रीत निकाल देऊ नका. महिनाभर दोन्ही वाजवा, मग ठरवा, आणि तोवर जुनी प्रत घराबाहेर जाऊ देऊ नका.

माझ्याकडे आज 'काइंड ऑफ ब्लू'ची सुधारलेल्या गतीची सीडी आहे आणि मी ती आवडीने ऐकतो. पण मामाची तबकडी गेली ती गेलीच. जुन्या बाजारात तो विक्रेता आता बसत नाही. कव्हराच्या मागे उजव्या कोपऱ्यात निळ्या शाईत 'न्यू यॉर्क, 1976' असं मराठीत लिहिलेलं आहे आणि दुसऱ्या बाजूला 'ऑल ब्लूज'मध्ये तो ओरखडा आहे. अशी लाल लेबलची प्रत कुणा वाचकाच्या संग्रहात आली असेल तर संपादकांमार्फत कळवा. तुम्ही सांगाल ती किंमत देईन.